पुण्यात राहायला येणाऱ्यांनी आधी हद्द विचारावी, मग भाडे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या शनिवारच्या पुरवणीत पुण्याच्या एकेका उपनगराची ओळख येते. आयटी पार्क किती किलोमीटरवर, चौरस फुटाला दर किती, मॉल कुठला, शाळा कुठल्या, हे सगळे त्यात असते. मे-जून हा बिऱ्हाड हलवण्याचा हंगाम. लातूर, नांदेड, जळगाव, सोलापूर, अमरावतीकडून शाळा सुरू होण्याआधी इथे पोचणारी कुटुंबे तेवढ्या माहितीवर घर ठरवतात. मग टँकर, खड्डे आणि ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ हे उत्तर यांनी पहिल्या वर्षातच ती मेटाकुटीला येतात. आम्ही वाकड, नऱ्हे आणि वाघोली भागांतल्या गृहसंस्थांची कामे पाहतो. नवा भाडेकरू किंवा नवा फ्लॅटधारक आला की कोणते प्रश्न आधी विचारायला हवे होते, हे आम्हाला कळते, पण तोवर वेळ गेलेली असते. पत्र लांबले आहे, तरी काटछाट न करता छापावे ही विनंती.

पहिला प्रश्न हद्दीचा. ‘पुणे’ म्हणून जे विकले जाते त्यात पुणे महापालिका आहे, पिंपरी-चिंचवड महापालिका आहे, पुणे, खडकी आणि देहूरोड ही तीन कँटोन्मेंट बोर्डे आहेत, तळेगाव दाभाडे, चाकण, आळंदीसारख्या नगरपरिषदा आहेत आणि हिंजवडी, माण, मारुंजीसारख्या ग्रामपंचायती आहेत. या सगळ्यांभोवती २०१५ मध्ये स्थापन झालेले महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, म्हणजे पीएमआरडीए. रस्ता, पाणी, ड्रेनेज, कचरा आणि दिवाबत्ती यांपैकी कोणती गोष्ट कोण देणार, हे घर कोणत्या हद्दीत आहे यावर ठरते. वाकड आणि हिंजवडी या दोन्हींचा पिनकोड एकच, ४११०५७. पण वाकड पिंपरी-चिंचवड महापालिकेत आणि हिंजवडी ग्रामपंचायतीत. बावधन खुर्द १९९७ पासून पुणे महापालिकेत आहे, तर बावधन बुद्रुक २०२१ मध्ये आले. म्हाळुंगे दोन आहेत, एक बालेवाडीला लागून आणि दुसरे म्हाळुंगे इंगळे चाकणजवळ. त्यात जाहिरातीतली नावे वेगळीच. वाघोलीला ‘अप्पर खराडी’ म्हणतात, माणला ‘हिंजवडी अॅनेक्स’.

म्हणून नावावर किंवा पिनकोडवर विसंबू नये. भाड्याने घ्यायचे असेल तर मालकाकडे शेवटची मिळकतकराची पावती मागावी. तीवर कोणत्या महापालिकेचे नाव आहे ते दिसते. ग्रामपंचायत असेल तर घरपट्टीची पावती किंवा नमुना आठचा, म्हणजे ग्रामपंचायतीच्या मिळकत नोंदवहीतला, उतारा निघतो. विकत घ्यायचे असेल तर सातबारावरचे गाव आणि गट क्रमांक पाहावा आणि तोच गट क्रमांक करारनाम्याच्या परिशिष्टात आहे का, ते ताडून घ्यावे. याला पाच मिनिटे लागतात आणि पुढची पाच वर्षे निस्तरण्याचे वाचते.

हद्दीत आले म्हणजे सोयी आल्या, असेही समजू नये. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ गावे आली आणि ३० जून २०२१ रोजी आणखी २३. वाघोली, सूस, बालेवाडीजवळचे म्हाळुंगे, सिंहगड रस्त्याकडचे नांदेड, किरकटवाडी, नऱ्हे, मांजरी बुद्रुक, पिसोळी ही या २३ गावांतलीच. गावे महापालिकेत आली, पण या २३ गावांच्या नियोजनाचे अधिकार पीएमआरडीएकडेच ठेवले गेले. म्हणजे इमारतीचा नकाशा एका संस्थेने मंजूर करायचा, विकास शुल्क तिनेच घ्यायचे आणि पाणी, ड्रेनेज, कचरा दुसरीने सांभाळायचे. इमारती उभ्या राहण्याचा वेग आणि पाइपलाइन पडण्याचा वेग यांत जे अंतर पडले, त्याचे मूळ या व्यवस्थेत आहे. फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावे तर २०१७ मध्ये महापालिकेत आली आणि २०२४ मध्ये बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद केली गेली. तिथे घर घेणाऱ्याने मिळकतकर, पाणी आणि कचरा या तिन्हींसाठी आज कोणत्या कार्यालयात जायचे हे स्थानिकांना विचारूनच पुढे जावे.

एजंट मोबाइलवर नकाशा दाखवतो आणि ‘इथून छत्तीस मीटरचा डीपी रस्ता’, म्हणजे विकास आराखड्यातला रस्ता, ‘जाणार’ असे सांगतो. पीएमआरडीएचा प्रारूप विकास आराखडा २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि २०२५ मध्ये राज्य सरकारने तो रद्द केला. त्या आराखड्यातल्या रेषांवर भरवसा ठेवून ज्यांनी घरे घेतली, त्यांच्या दारातला रस्ता आज कागदावरही राहिलेला नाही. महापालिकेच्या जुन्या हद्दीतही आराखड्यात रस्ता असणे, त्याची जागा ताब्यात येणे आणि त्यावर डांबर पडणे या तीन वेगवेगळ्या पायऱ्या आहेत. मधल्या एका शेताचा मोबदला ठरला नाही की सोसायटीचा रस्ता दोनशे मीटर आधी पत्र्यापाशी संपतो. आज ज्या रस्त्याने पाण्याचा टँकर आणि अग्निशमनाचा बंब आत येऊ शकतो, तेवढाच रस्ता हिशेबात धरावा.

मेट्रोचेही तसेच. पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट आणि वनाज ते रामवाडी या दोन मार्गांवर गाड्या धावतात. रामवाडीपासून पुढे वाघोलीकडे आणि वनाजपासून चांदणी चौकाकडे जाणाऱ्या विस्ताराला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये मंजुरी दिली. मंजुरी आणि गाडी यांत किती काळ जातो? आपल्याच मेट्रोचे भूमिपूजन २४ डिसेंबर २०१६ रोजी झाले, पहिली गाडी ६ मार्च २०२२ रोजी धावली, तीही दोन तुटक टप्प्यांत, आणि स्वारगेटपर्यंत ती पोचायला २९ सप्टेंबर २०२४ उजाडला. ‘मेट्रो स्टेशनपासून पाच मिनिटे’ असे म्हणून कोणी भाडे वाढवून सांगत असेल, तर त्या स्टेशनात आज तिकीट मिळते का, एवढेच विचारावे.

आता पाण्याविषयी. यावर आम्ही सविस्तर लिहिणार आहोत, कारण पुण्याच्या कडेला राहणाऱ्यांचे सगळ्यात जास्त पैसे आणि झोप यातच जाते.

पुणे शहराला खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांतून पाणी येते. पूर्व भागाला भामा-आसखेडचे येते. पिंपरी-चिंचवडला मुख्यतः पवनेचे. धरणे भरलेली असली तरी पाणी तुमच्या नळाला येण्यासाठी मधे जलशुद्धीकरण केंद्र, साठवण टाकी आणि वितरणाची वाहिनी लागते. पिंपरी-चिंचवडमध्ये २५ नोव्हेंबर २०१९ पासून एक दिवसाआड पाणी दिले जाते. तिथे सोसायटीची टाकी किमान दोन दिवस पुरेल इतकी आहे का, हे पाहायला हवे. पुण्याच्या समाविष्ट गावांत अनेक ठिकाणी वाहिनीच नाही. तिथे टँकर आणि बोअर.

टँकरचा हिशेब प्रत्येकाने स्वतः करावा, तो अवघड नाही. माणशी दिवसाला १३५ लिटर हे प्रमाण धरतात. चार माणसांच्या घराला ५४० लिटर. दोनशे फ्लॅटच्या सोसायटीला १ लाख ८ हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे रोजचे अकरा टँकर. टँकरचा दर १,२०० रुपये धरला तर दिवसाला १३,२०० रुपये, महिन्याला ३ लाख ९६ हजार, आणि प्रत्येक घरामागे जवळपास दोन हजार रुपये. उन्हाळ्यात मागणी वाढते तसा दरही वाढतो. हे पैसे मेंटेनन्समध्ये मिसळलेले असतात किंवा ‘वॉटर चार्जेस’ म्हणून वेगळे निघतात, आणि भाडे ठरवताना त्यांचा उल्लेख होत नाही. ‘मेंटेनन्ससकट’ असे तोंडी सांगितलेले असते, पण करारात ‘पाणी शुल्क प्रत्यक्ष वापरानुसार’ अशी ओळ असते. ती ओळ सही करण्याआधी वाचावी.

याच हिशेबात एसटीपी, म्हणजे सोसायटीचा सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प, येतो. १३५ लिटरपैकी सुमारे ४५ लिटर फ्लशला जातात. तो नीट चालला तर फ्लशसाठी तेच पाणी परत वापरता येते आणि वरच्या सोसायटीचे अकरा टँकर सात-आठवर येतात. पण तो चालवायला वीज लागते, पाण्यात हवा सोडणारा ब्लोअर सतत सुरू ठेवावा लागतो, माणूस लागतो. बिल्डरच्या ताब्यात असताना बऱ्याच ठिकाणी तो बंद पडलेला असतो आणि टँकरचे विकतचे पाणी फ्लशमधून वाहून जाते. एसटीपी चालू आहे की नाही हे कळायला तंत्रज्ञ नको. ब्लोअरचा घरघराट येतो का आणि टाकीतल्या पाण्यावर बुडबुडे आहेत का, ते पाहावे. पाणी काळे आणि स्थिर असेल, कुजका वास येत असेल, तर तो बंद आहे.

घर पाहायला गेल्यावर लिफ्टने थेट वर जाऊ नये. आधी वॉचमनच्या केबिनपाशी थांबावे. तिथे टँकरची वही असते. तारीख, गाडीचा नंबर, वेळ, किती लिटर, सही. तिची एप्रिल आणि मेची पाने चाळली की सोसायटीचे खरे पाणी कळते. मग जमिनीखालच्या टाकीपाशी जावे. तिथे महापालिकेची मीटर लावलेली लाइन आहे का, आणि असेल तर मीटरचा काटा फिरतो का, हे पाहावे. टाकीच्या झाकणाजवळ टँकरचा जाड पाइप जोडायची जागा घासून चकचकीत झालेली असेल आणि मीटरच्या काचेवर धूळ बसलेली असेल, तर आणखी काही विचारायची गरज उरत नाही. बाथरूममधल्या नळाच्या जाळीवर पांढरा थर असेल तर बोअरचे जड पाणी आहे. गीझर आणि वॉशिंग मशीनचे आयुष्य त्याने कमी होते.

अजून एक चूक फार होते. टीडीएस मीटर पाण्यात बुडवून आकडा दीडशे आला की लोक पाणी चांगले समजतात. टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार. भारतीय मानकानुसार ते लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत. जंतूंविषयी तो आकडा काहीही सांगत नाही. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या नांदेड, किरकटवाडी, धायरी, खडकवासला भागात जीबीएसची (गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराची) साथ आली, तेव्हा तिथल्या अनेक घरांना विहिरीतले पाणी केवळ क्लोरिन मारून दिले जात होते, शुद्धीकरण केंद्रातून नव्हे. रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर आणि नोरोव्हायरस सापडले. टीडीएस मीटरला हे जंतू दिसत नाहीत. त्यासाठी उरलेल्या क्लोरिनची चाचणी करावी. ओटी चाचणीची छोटी बाटली रसायनांच्या दुकानात मिळते. नळाच्या पाण्यात थेंब टाकले की क्लोरिन असल्यास पाणी पिवळसर होते. नळाशी लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक हवा. रंगच आला नाही तर ते पाणी खळखळून उकळल्याशिवाय पिऊ नये, मग इमारत कितीही आलिशान असो. टँकरचे पाणी कोणत्या ठिकाणी भरले जाते हेही सोसायटीला विचारावे आणि लेखी उत्तर मागावे. ते न सांगणाऱ्या पुरवठादाराकडून पाणी घेणाऱ्या सोसायटीत लहान मुले असलेल्या कुटुंबाने जाऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

विकत घेणाऱ्यांसाठी याला जोडून एक कागद सांगतो. जिथे पाणी देण्याची सोय नाही तिथे बांधकाम परवानगी घेताना विकसक हमीपत्र देतो की पालिकेचे पाणी मिळेपर्यंत पाणी तो स्वखर्चाने पुरवील. सोसायटी ताब्यात दिली की हे हमीपत्र विसरले जाते आणि टँकरचा सगळा बोजा रहिवाशांवर येतो. हमीपत्राची प्रत बुकिंगच्या वेळीच मागावी. दिली नाही तर माहिती अधिकारात बांधकाम परवानगी विभागाकडून मिळते. करारनाम्यातही त्याचा उल्लेख करून घ्यावा. ज्या सोसायट्यांकडे ही प्रत आहे, त्यांना निदान भांडता तरी येते.

घर कोणत्या महिन्यात पाहता यालाही महत्त्व आहे. पुण्याच्या भोवतीचा खडक बेसॉल्टचा, त्यात पाणी भेगांमधून साठते. ऑगस्टमध्ये ओसंडणारे बोअर मार्च-एप्रिलमध्ये आटते. म्हणून पाणी पाहायचे तर एप्रिल-मेमध्ये आणि रस्ता, ओढा, तळघर पाहायचे तर जुलैत. जुलै म्हटल्यावर पूररेषा आलीच. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याला आलेला लोंढा आणि २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून सोडलेल्या पाण्याने सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घुसलेला पूर पुणेकरांना चांगले आठवतात. नदी किंवा ओढ्याच्या काठी ‘रिव्हर व्ह्यू’ म्हणून घर दाखवले जात असेल, तर विजेचे पॅनल आणि डिझेल जनरेटर तळघरात आहेत की वर, हे पाहावे. तळघर भरले की लिफ्ट, पंप आणि दिवे एकाच वेळी बंद होतात.

पिंपरी-चिंचवडच्या बाजूला आणखी एक रेषा आहे, संरक्षण खात्याच्या रेड झोनची. देहूरोडच्या दारूगोळा कोठाराभोवती दोन हजार यार्डांच्या पट्ट्यात नवीन बांधकामाला परवानगी मिळत नाही. तरीही तिथे घरे, गाळे आणि प्लॉट विकले जातात, दर कमी असल्याने बाहेरगावचे लोक भुलतात आणि बँकेत कर्जाला गेल्यावर वस्तुस्थिती कळते. तळवडे, निगडी, किवळे या भागांत स्वस्त प्लॉट मिळाला तर महापालिकेच्या नगररचना विभागातून त्या सर्व्हे नंबरचा झोन दाखला काढल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये. आंबेगाव, धायरी, नऱ्हे भागांतल्या गुंठा-दोन गुंठ्यांवरच्या पाच-सहा मजली इमारतींनाही हेच लागू. महारेराचा, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाचा, नंबर नाही, इमारत वापरायला योग्य असल्याचे भोगवटा प्रमाणपत्र नाही आणि ‘कर्ज फक्त पतसंस्थेतूनच होईल’ असे सांगितले, तर ते घर घेऊच नये. भाड्याने राहायला हरकत नाही, पण आयुष्याची पुंजी तिथे घालू नका.

या सगळ्यामुळे आमचा पहिला सल्ला असा: पहिले वर्ष भाड्यानेच राहा. आणि भाडेकरार नोंदणीकृतच करा. ‘अकरा महिन्यांचा असला की नोंदणी लागत नाही’ हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच असावा लागतो, मुदत कितीही असो, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. खर्च थोडका असतो. मुद्रांक शुल्क म्हणजे एकूण भाडे अधिक डिपॉझिटवर दहा टक्क्यांनी धरलेले व्याज, या बेरजेच्या पाव टक्का. भाडे २५ हजार, मुदत ११ महिने, डिपॉझिट एक लाख असेल तर भाड्याचे २ लाख ७५ हजार, व्याजाचे सुमारे ९ हजार, आणि त्यावर शुल्क सातशे-सव्वासातशे रुपये. नोंदणी फी महापालिका हद्दीत एक हजार, ग्रामीण भागात पाचशे. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर आधार आणि अंगठ्याच्या ठशावर घरबसल्या होते. एजंट याचे जे काही जास्त घेतो ती त्याची सेवा असते, सरकारी फी नव्हे. मुलाचा आरटीईचा (शिक्षण हक्क कायद्याखालचा) प्रवेश, गॅस, बँक, मतदारयादीतला पत्ता, सगळीकडे हाच करार चालतो. नोटरी केलेला स्टॅम्पपेपर आरटीईच्या पडताळणीत नाकारला जातो आणि तेव्हा धावाधाव करून उपयोग नसतो.

करारात लॉक-इन (घर सोडता न येण्याचा काळ) किती महिन्यांचा, नोटीस किती दिवसांची, रंगकामाचे पैसे कापणार का आणि कापले तर किती, हे आकड्यांत लिहून घ्यावे. घर सोडताना एक महिन्याचे भाडे रंगकामाच्या नावाने कापण्याची इथे पद्धत पडली आहे. ते अपरिहार्य नाही, आधी बोललात तर निम्मे होते. सहकारी सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे फ्लॅट भाड्याने द्यायला सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही, आधी कळवावे लागते. मालक स्वतः राहत नसल्यास लागणारे ना-भोगवटा शुल्कही सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि ते मालकाने भरायचे असते. एकट्या मुलींना किंवा मुलांना घर नाकारणाऱ्या सोसायट्यांतल्या आमच्या सहकाऱ्यांनी या उपविधी पुन्हा एकदा वाचाव्यात.

भाग निवडताना नोकरीच्या ठिकाणापासूनचे अंतर किलोमीटरमध्ये मोजू नये. वाकडहून हिंजवडीला नकाशावर हाकेच्या अंतरावर दिसते. पण सकाळी पावणेनऊला भूमकर चौकातल्या भुयारी मार्गात महामार्गाच्या दोन्ही बाजूंची वाहने एकत्र येतात आणि पुढे शिवाजी चौकात पुन्हा अडकतात. पाऊस असेल तर रांग दुप्पट. नगर रस्त्यावर खराडी बायपास आणि वाघोलीतला केसनंद फाटा, सोलापूर आणि सासवड रस्त्यांसाठी हडपसरची गाडीतळ, दक्षिणेला नवले पूल आणि कात्रज-कोंढवा रस्ता, या ठिकाणांच्या अलीकडे राहायचे की पलीकडे, हाच खरा निर्णय. नोकरी आणि घर दोन्ही एकाच बाजूला असतील तर चार किलोमीटर जास्त असले तरी परवडते. कामाच्या दिवशी सकाळी साडेआठला आणि संध्याकाळी साडेसहाला तो रस्ता स्वतः एकदा करून पाहावा. रविवारी घर पाहून ठरवणाऱ्यांची इथेच फसगत होते.

नवरा हिंजवडीत आणि बायको खराडीत, अशी घरे आता खूप आहेत. ती नकाशावरचा मध्य शोधतात आणि दोघांनाही दीड तास पडतो. ज्याची वेळ बांधलेली आहे, म्हणजे शिफ्टवाला, शाळेत शिकवणारी, पाळणाघरातून मूल आणणारा, त्याच्या बाजूला घर घ्यावे. किंवा धावत्या मेट्रोच्या दापोडी, बोपोडी, शिवाजीनगर या पट्ट्यात पाहावे. तळेगाव, आकुर्डी, चिंचवडला लोणावळा लोकलचा आधार आहे. मात्र दुपारच्या वेळी फेऱ्या फार कमी असतात, दुसऱ्या पाळीला जाणाऱ्यांनी वेळापत्रक पाहूनच ठरवावे.

शाळेबाबत एवढेच: प्रवेश फी भरण्याआधी शाळेचा यू-डायस हा सरकारी ओळख क्रमांक आणि सीबीएसई म्हणत असतील तर संलग्नता क्रमांक मागा. जिल्ह्यात अनधिकृत शाळांच्या याद्या जाहीर होतात, त्या पाहाव्यात. आणि शाळेची बस तुमच्या फाट्यावर किती वाजता येते ते बसच्या चालकाला विचारा, शाळेच्या कार्यालयाला नव्हे.

वर्षभर राहून मग विकत घ्यायचे ठरले, तर महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा क्रमांक टाकून ताबा देण्याची मूळ तारीख आणि वाढवून घेतलेली तारीख दोन्ही पाहाव्यात. ज्याने दोनदा मुदत वाढवली तो तिसऱ्यांदाही वाढवील. नोंदणीकृत करारनामा होण्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. उघड्यावरचे पार्किंग विकता येत नाही. बांधकामातला दोष ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत दिसला तर विकसकाने तो विनाशुल्क दुरुस्त करायचा असतो. पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांच्या हद्दीत मुद्रांक शुल्क, स्थानिक कर आणि मेट्रो उपकर मिळून सात टक्के होतात. घर फक्त स्त्रीच्या नावावर असेल तर एक टक्का सवलत. नोंदणी फी एक टक्का, पण कमाल तीस हजार रुपये. बांधकाम सुरू असलेल्या घराला जीएसटी, साधारणपणे पाच टक्के आणि परवडणाऱ्या घरांना एक टक्का. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावर घेतलेल्या घराला तो लागत नाही. म्हणून थोडे महाग वाटले तरी तयार, भोगवटा मिळालेले आणि पालिकेचे मीटर फिरत असलेले घर आम्ही केव्हाही आधी सुचवतो. अशा घरात स्विमिंग पूल नसला तरी चालेल.

आपल्या पुरवणीकडून आमची मागणी छोटी आहे. प्रत्येक उपनगराच्या माहितीखाली चार ओळी द्याव्यात: हद्द कोणाची, पाणी कुठून आणि किती दिवसांआड, सांडपाण्याची वाहिनी पडली आहे का, आणि गर्दीच्या वेळी जवळच्या मुख्य चौकापर्यंत किती मिनिटे. जाहिरातदारांना हे आवडणार नाही याची आम्हाला कल्पना आहे, पण वर्गणी भरणारा वाचक त्यावर घर ठरवतो. महापालिका आणि पीएमआरडीए यांनीही प्रत्येक समाविष्ट गावात वितरण वाहिनी कोणत्या गट क्रमांकांपर्यंत पोचली आहे याची यादी संकेतस्थळावर टाकावी आणि दर सहा महिन्यांनी सुधारावी. ही माहिती त्यांच्या पाणीपुरवठा विभागात असतेच. पुरवणीचा पुढचा लेख वाघोलीवर किंवा सूस-म्हाळुंग्यावर असेल, तर ही यादी विभागाकडून लेखी मागवून लेखासोबत छापावी.

आपले नियमित वाचक,
वाकड, नऱ्हे आणि वाघोली येथील गृहसंस्थांचे काही कार्यकर्ते